भीमराजकाकांचा ठेका

मित्रांनो, रहाटणीतल्या एका कपाटात राहणारा मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा. उमेदीच्या काळात माझ्या मालकाच्या, शेखरभाऊंच्या, खांद्यावर बसून मी कितीतरी लग्ने आणि बारशी टिपली. मला पाहून लोक टोपी, पदर सावरायचे. पुढे हलके, नवे कॅमेरे आले आणि मी धूळ खात पडलो. एके दिवशी शेखरभाऊंच्या भाचीने, नेहाने, मला बाहेर काढले. तिला मैत्रिणीच्या बँडवर माहितीपट करायचा होता.

ती मैत्रीण म्हणजे मिनल. चाकणच्या एका कंपनीत ती सुटे भाग तपासायची आणि सुट्टीला चिखलीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये गायची. तिचा बँड पंक रॉक वाजवायचा. मोजकेच सूर, भरधाव वेग आणि पोटातून ओरडून म्हटलेले शब्द. मला सनईची सवय; पहिल्या दिवशी मी घाबरलोच.

मिनलचे वडील, भीमराजकाका, तालमीला येऊन बसत. कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. मिनलने त्यावरच गाणे केले होते. ते सुरू झाले की काका उरलेल्या बोटांनी रिकाम्या पिंपावर ठेका धरत. मी तो हात अगदी जवळून टिपला.

माहितीपट पुण्यात दाखवला गेला. एका परीक्षणात मिनलच्या धिटाईचे कौतुक झाले, दुसऱ्यात गाण्यांना गोंगाट म्हटले. ते दोघींनी हसून सोडून दिले. पण निरंजन नावाच्या समीक्षकांनी लिहिले, ‘बापाचा अधू हात दाखवून इथे प्रेक्षकांकडे दया मागितली आहे.’

हे वाक्य मात्र लागले. वडिलांचे दुःख आपण चारचौघांत मांडले, असे मिनलला वाटू लागले. ती नेहाशी धड बोलेना. शेवटी नेहाने ते दृश्य कापायचे ठरवले आणि काकांची माफी मागायला चिखलीला गेली. मी तिच्या पिशवीत होतो.

काकांनी परीक्षण वाचले. मग लॅपटॉपवर ते दृश्य दोनदा पाहिले.

“त्या माणसाचं चुकलं नाही,” ते म्हणाले. “मी ताल धरला होता, पोरी. तू गाणं बंद करून वर रडकी बासरी लावलीस. मग लोकांना गेलेली बोटंच दिसणार ना?”

“मग हात काढून टाकू, काका?”

“हात राहू दे. बासरी काढ.”

खरे सांगतो, त्या चुकीत माझाही वाटा होता. मोठा आवाज मला पेलत नाही. मी टिपलेले गाणे फाटके येत होते, ते झाकायलाच नेहाने बासरी लावली होती. आता तिने तोच फाटका आवाज परत जोडला.

चिखलीच्या सभागृहात पुन्हा खेळ झाला. नेहाने बोलावले म्हणून निरंजनही आले. पडद्यावर ठेका सुरू झाला, तशी पुढच्या रांगेतल्या बायकांनी मांडीवर ताल धरला. मिनल वडिलांकडे बघत राहिली. काका मात्र मान डोलवत होते.

आठवड्याने निरंजननी पुन्हा लिहिले, ‘आवाज फाटतो. पण या वेळी मला भीमराज वाजवताना दिसले.’ काकांनी ते मिनलकडून मोठ्याने वाचून घेतले. मग नेहाला जेवायला बोलावले.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि माणसाकडे बघताना त्याचे काय गेले, एवढ्यावरच नजर थांबवू नका. तो काय करतो आहे, तेही नीट बघा.