तुलना गटातली छोटी

भिंगरीला मैदानावर कोणी अडवू शकत नसे; कागदावर मात्र ती पहिल्याच ओळीला आपटायची. व्हॉलीबॉलच्या संघात होती तेव्हा चेंडू असा हाणायची की जाळ्यापलीकडच्या मुली डोळे मिटून घ्यायच्या. पण क्रीडाविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पाचा अहवाल लिहायची वेळ आली आणि हिची पाचावर धारण बसली. 'व्हॉलीबॉलमध्ये उडी महत्त्वाची असते हे सर्वांना माहीतच आहे,' अशी तिने झोकात सुरुवात केली. मार्गदर्शक मॅडमनी 'सर्वांना'खाली लाल रेघ मारून समासात लिहिलं, 'मला माहीत नाही. संदर्भ द्या.' पुढे 'सिद्ध झाले' होतं, तिथे 'आढळले' आलं.

"पण मॅडम, ते खरंच आहे ना!"

"असेल की. पण खरं आहे हे तुला कसं कळलं, ते सांग. आम्हाला त्यातच रस आहे."

मॅडमचं एक तुणतुणं ठरलेलं होतं. पद्धत अशी लिहा की तुम्हाला कधीही न भेटलेल्या माणसाने ती वाचून तसंच्या तसं करून बघावं. आईसारखं 'मीठ अंदाजाने' लिहू नका. आई शेजारी उभी असते, तुम्ही नसणार.

विषय भिंगरीने मामाच्या उड्यांचा घेतला होता. मामा शाळेत व्हॉलीबॉल शिकवायचा. भिंगरीच्या हातात पहिला चेंडू त्यानेच दिला होता. ठेंगण्या खोक्यावरून खाली उतरायचं आणि पाय टेकताक्षणी पुन्हा वर झेपावायचं, असा एक सराव त्याने स्वतः बसवला होता. बाकीचे प्रशिक्षक त्याला 'बेडूकशाळा' म्हणून हसत. शाळांच्या क्रीडा समितीने मात्र एकदा सांगितलं होतं की कागदावर काही दाखवा, मग सगळ्या शाळांत सुरू करू. मामाच्या आयुष्यातली ही एकच हौस, आणि कागदावर दाखवणारं त्याच्या घरात आता कोणीतरी होतं.

मामाच्या संघातल्या मुलींचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. सराव गट खोक्यावरून उड्या मारणार, तुलना गट नेहमीचाच व्यायाम करणार. मामाची मुलगी छोटी तुलना गटात गेली. ती हिरमुसली, पण भिंगरी म्हणाली, "चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. शास्त्रात बहीणबिहीण काही नसतं." हे वाक्य तिला स्वतःलाच फार आवडलं होतं.

मोजणी भिंगरीच्या महाविद्यालयाच्या मैदानावर, सरावाआधी एकदा आणि नंतर एकदा, आणि सोपी होती. बोटांना खडू लावून भिंतीशेजारी उभं राहायचं, जागेवरून उडी मारायची, भिंतीवर ठसा उमटवायचा. शेवटच्या मोजणीत सराव गटाचे ठसे झकास वर चढले. तुलना गटाचे होते तिथेच राहिले, आणि छोटीचा तर आधीपेक्षाही खाली उमटला. त्या दिवशी जेवताना मामा सगळ्यांदेखत म्हणाला, "आमच्या छोटीला उडीच नाही. आता मोजमापच आलंय म्हटल्यावर आपण काय बोलणार!" त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. छोटी गुडघा दुखतो म्हणू लागली आणि मैदानावर यायची बंद झाली. भिंगरीला वाईट वाटलं, पण दुसऱ्याच्या दाढदुखीचं वाटतं तेवढंच.

मग पद्धतीचं प्रकरण आलं. 'सर्व मुलींना सारख्याच सूचना देण्यात आल्या,' असं तिने लिहिलं. मॅडमनी विचारलं, 'कोणत्या? शब्दशः लिहा.' आता शब्द कोणाच्या लक्षात असतात? पण कोणी उडीआधी पाऊल टाकून फसवत नाही ना, हे बघायला शेवटच्या मोजणीचं चित्रीकरण केलेलं होतं. ग्रंथालयात बसून तिने ते उघडलं आणि कानात इअरफोन घातले.

सराव गटाची पहिली मुलगी भिंतीशी आली आणि भिंगरीचाच आवाज कानात फुटला. "चल गं माझी वाघीण! वर! अजून वर! शाब्बास!" दुसरीला तेच, तिसरीला त्याहून जास्त. मग तुलना गट आला. "तयार? मार." धप्. "पुढची." धप्. "पुढची."

तिने मुद्दाम केलं नव्हतं. खरंच नव्हतं. मामाचा सराव जिंकावा असं मनात होतं आणि तोंड मनामागे धावलं, एवढंच. पण मैदानाबाहेरून एक आरोळी आली की अंगात कसं वारं शिरतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हीच तिची संशोधनाची पद्धत होती, आणि त्यात दुसऱ्याचं कार्टं कोण, तर सख्खी मामेबहीण. तिचे कान तापले. ग्रंथालयातल्या प्रत्येकाने ऐकलं असणार असं वाटून तिने इकडेतिकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मग तिने जे केलं ते मात्र मुद्दाम होतं. 'प्रत्येकीला फक्त "तयार? मार" एवढेच सांगण्यात आले,' असं तिने लिहिलं. "आता कशी स्वच्छ पद्धत झाली!" असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा तिला त्यांच्याकडे बघवेना. सादरीकरणासाठी चित्रीकरणाचा एक तुकडा निवडला, त्याचा आवाज बंद करून टाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सादरीकरणाला समितीची माणसं पहिल्या रांगेत बसली होती. त्यांच्या मागे मामा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. शेजारी छोटी, जबरदस्तीने आणलेली. भिंगरीने आकडे धडाधड सांगितले. माना डोलल्या. मग तिने मुका तुकडा लावला.

आवाज नसला की माणूस चेहरे बघतो. सराव गटाच्या मुली हसत खाली उतरत होत्या. तुलना गटातली प्रत्येक मुलगी पाय टेकले की आधी कॅमेऱ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या भिंगरीकडे बघत होती. छोटीनेही पाहिलं. ती थोडी थांबली, पांढरी बोटं शर्टाला पुसली आणि बाजूला झाली.

अंधाऱ्या खोलीत मामाची कुजबूज ऐकू आली, "बघ, कुठे कमी पडलीस ते नीट बघ."

छोटीने मान खाली घातली, आणि तिथे भिंगरीला राहवेना. तिने तुकडा मागे नेला आणि आवाज सुरू केला. "चल गं माझी वाघीण!" खोलीभर घुमलं. समितीतला एकजण हसला. मग "तयार? मार. पुढची," आलं आणि तो हसायचा थांबला.

"ही कमी पडली नाही," भिंगरी म्हणाली. "मी एका गटाला ओरडून चढवलं, दुसऱ्याला नाही. मला हे आधीच कळलं होतं. तरी अहवालात खोटं लिहिलं."

"म्हणजे सराव उपयोगाचा नाही?" समितीच्या माणसाने विचारलं.

"माहीत नाही. या प्रयोगावरून काहीच सांगता येत नाही."

मॅडमनी समोरचा अहवाल मिटला. मग म्हणाल्या, "अहवालातलं हे तुझं पहिलं खरं वाक्य. बाकीचं पुढच्या सत्रात पुन्हा कर, पहिल्यापासून." त्यांच्या आवाजात राग असता तरी परवडलं असतं.

समितीची माणसं निघून गेली. मामाने शर्टाची बाही उगाचच नीट केली. "एवढ्या लोकांत सांगायलाच हवं होतं होय," तो म्हणाला. आणि जिना उतरताना, तिच्याकडे न बघता, "मीही ओरडतोच की गं खोक्याजवळ. आता माझं मलाच कळेना, त्या पोरी खोक्याने चढतात की माझ्या ओरडण्याने."

खाली मैदानाशेजारच्या भिंतीवर खडूचे जुने ठसे अजून होते. भिंगरीने छोटीचा हात धरला आणि तिला तिथे नेलं.

"मार एक उडी. आज मोजायचं नाही. मी ओरडते बघ, घसा बसेपर्यंत ओरडते!"

छोटीने भिंतीकडे पाहिलं. आपला खालचा ठसा तिला लगेच सापडला.

"राहू दे ताई," ती म्हणाली. "तेव्हा तुझं आपोआप निघत होतं. आता तू मुद्दाम ओरडशील."