भामाबाईंच्या खुरप्याचा गंज

केशवरावांनी कारखाना सोडला तेव्हा त्यांचं वय काही घरी बसायचं नव्हतं. पण दिवसच तसे आले होते. परदेशी कंपन्यांना दारं उघडली होती आणि सरकारी कारखान्यांतली माणसं जड वाटू लागली होती. साहेबांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून, स्वेच्छानिवृत्तीवर सह्या घेतल्या. केशवराव टूलरूममधले फिटर. केसाएवढा फरक त्यांच्या बोटाला कळायचा. तेही सही करून आले, डबा ओट्यावर ठेवला, आणि नल्लकुंट्यातल्या आपल्या घराच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले ते बसलेच.

भामाबाईंना वाटलं, होईल हळूहळू. पण उन्हाळा सरला, आषाढ संपला, तरी नवरा जेवायला बोलावलं की जेवायचा आणि दिवा मालवला की झोपायचा. उदगीरहून भाऊबंद आले तरी 'हौ' आणि 'नाही'च्या पुढे शब्द नाही. सगळ्यात वाईट दिसायचे ते हात. जन्मात कधी रिकामे न राहिलेले ते हात मांडीवर पालथे पडलेले असायचे, कुणीतरी विसरून गेल्यासारखे. ते बघवायचं नाही म्हणून भामाबाई मागच्या बागेत जायच्या.

बाग म्हणजे जास्वंद, मोगरा, कढीपत्ता आणि कुंपणावर दोडक्याचा वेल. अवजारांकडे मात्र त्यांचं कधी लक्ष नसे. खुरप्याचा दांडा खुळखुळायचा, विळा भाजीपेक्षा बोट बरं कापायचा.

एका सकाळी जास्वंद छाटताना कैची फांदीतच अडकली. भामाबाई दोन्ही हातांनी ओढायला लागल्या.

"थांब. सांधा मोडशील."

मागे केशवराव उभे होते. किती दिवसांनी ते आपणहून बोलले होते! त्यांनी कैची सोडवली, पाती सुटी केली, रॉकेलमध्ये बुडवली. मग पॉलिश कागदाने गंज उतरवून कानस धरली आणि पात्याच्या उताराला समांतर, एकाच दिशेने ओढत राहिले. शेवटी शिलाई मशीनचं तेल सांध्यात सोडून कैची उघडझाप केली. आवाजच आला नाही. केशवरावांच्या तोंडावर जे काही उमटलं त्याला हसू म्हणता आलं नसतं. पण भामाबाई तेवढ्यावरही खूश झाल्या.

मग खुरप्याला पाचर बसली. विळ्याला धार आली. फावड्याच्या दांड्याला जवसाचं तेल मुरलं. त्या दिवसांत केशवरावांनी स्वतः चहा मागितला, एकदा तर भाजीत मीठ कमी असल्याची तक्रारही केली. आणि मग सगळी अवजारं लखलखीत झाली, काम संपलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खुर्चीत. हात पालथे.

भामाबाईंनी तो दिवस कसाबसा काढला. संध्याकाळी तांब्यात मूठभर मीठ विरघळवलं, खुरप्यावर शिंपडलं आणि खुरपं धुण्याच्या दगडामागे टाकून दिलं.

"अहो, बघा ना, पुन्हा गंजलं हे," दोन दिवसांनी त्या म्हणाल्या.

केशवरावांनी खुरपं उजेडात धरलं. बोट फिरवलं. पातं उलटून पुन्हा पाहिलं.

"हवा दमट आहे," असं म्हणून त्यांनी कानस उचलली.

असं सुरू झालं. कधी खुरपं, कधी विळा. चांगल्या वस्तूची नासाडी करताना भामाबाईंचा जीव कळवळायचा. पण व्हरांड्यातून कानशीची खरखर आली की पोळ्या लाटता लाटता त्यांना बरं वाटायचं.

खंडेनवमीला केशवरावांनी अवजारं धुऊन पाटावर मांडली. भामाबाईंनी हळदकुंकू वाहिलं. खुरप्याला लावताना मनात म्हणाल्या, बाई गं, माफ कर. तेवढ्यात त्यांचा मुलगा उदय आला. नव्या कॉम्प्युटर कंपनीत लागलेला, खिशात पेजर, हातात हिमायतनगरच्या दुकानातली पिशवी.

"आई, तुझी हत्यारं सारखी गंजतात ना? हे घे. इंपोर्टेड सेट आहे, स्टेनलेस. याला कधीच गंज लागणार नाही."

"नको!" भामाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"अगं, कामून नको?"

त्या पदर बोटाला गुंडाळत राहिल्या.

"राहू दे रे," केशवराव पाटाकडे बघत म्हणाले. "तुझ्या आईच्या अवजारांना गंज लागत नाही. तिला तो लावावा लागतो."

उदयला काहीच कळलं नाही. "तुम्ही दोघं पण ना!" म्हणत तो आत पाणी प्यायला गेला. भामाबाईंचे कान तापले होते.

"कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"पहिल्याच खेपेपासून. साध्या पाण्याचा गंज असा फुलत नाही. बोट जिभेला लावलं, तर खारट."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू बंद केलं असतंस," केशवराव म्हणाले.

भामाबाई हसायला गेल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. पदराने पुसत त्या म्हणाल्या, "आता नुसती धार लावत बसायचं नाही. बागेत यायचं माझ्याबरोबर."

पुजलेली अवजारं दसरा होईपर्यंत कुणी हलवली नाहीत. एकादशीला केशवराव कैची घेऊन खरंच बागेत उतरले आणि जास्वंदीच्या फांद्या पट्टी लावल्यासारख्या एका उंचीवर कापू लागले.

"अहो, असं नाही! डोळा बघून कापा. हा बघा, इथून कोंब फुटणार. त्याच्या जरा वर."

त्यांनी वाकून डोळा शोधला, कापलं. आणखी एक कापलं. मग कैची तशीच धरून म्हणाले, "टूलरूममधली माझी लेथ विकली म्हणे. भंगारात. दर खंडेनवमीला मीच हार घालायचो तिला."

भामाबाईंनी फांदी धरून ठेवली. केशवराव बोलत राहिले: कारखान्यात लागले तो दिवस, हाताखाली शिकून गेलेली माणसं, सही करताना पेन कसं चाललंच नाही आणि साहेबांनी आपलं पुढे केलं ते. मधूनमधून एखादी फांदी कापत होते, बरोबर डोळ्याच्या वर.

आतून डाळ करपल्याचा वास येऊ लागला. केशवरावांनाही तो आला.

"भामा, डाळ."

"करपू द्या," त्या म्हणाल्या. "पुढे सांगा."