पिवळी झालेली नळी

मी एक काचेची नळी बोलतेय. नाक मुरडू नका! चिंचवडच्या शाळेतली साठ पोरं आम्हा बहिणींच्या तोंडात थुंकली, तरी आम्ही कुरकुर केली नाही.

साल छप्पन्न. डॉक्टरसाहेब पुण्याहून यायचे. पोरांना मेणाचा तुकडा चघळायला लावायचे आणि थुंकी आमच्यातल्या हिरव्या औषधात मिसळून तीन दिवस उबेत ठेवायचे. रंग हिरवा राहिला तर दात टिकणार, पिवळा झाला तर किडणार. पिवळ्या नळीच्या पोराच्या दोन दाढा किडायच्या आधीच उपटायच्या, हा साहेबांचा स्वतःचा शोध. "हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे नापास," असं ते वर्गात सांगत. पोरं भेदरली की मला मजा वाटायची. खोटं कशाला बोलू?

माझ्या वाट्याला आठ वर्षांची रंभा आली. दात कोवळ्या मक्याच्या दाण्यांसारखे. परीक्षा आहे म्हटल्यावर तिच्या आईनं, सुभद्राबाईनं, निघताना तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. पोरीनं हात चाटूनपुसून साफ केला आणि धावत येऊन माझ्यात थुंकली. दह्यातले आंबट जंतू सगळे माझ्या पोटात. दुसऱ्याच दिवशी मी पिवळीधमक झाले.

रंभाला बाकावर बसवलं. शिपाई भिमाजीनं तिचं डोकं धरलं. तो तोंडात डोकावला आणि म्हणाला, "सायेब, दात तर झ्याक हायेत की."

"तुला जास्त कळतं की नळीला?"

ऐकून मी फुशारले. मग ती किंचाळली. भिमाजीनं डोळे मिटले, पण हात सोडले नाहीत.

सुभद्राबाई धावत आली. "नापास कशी झाली वो? परीक्षेच्या सकाळी दही-साखर दिली व्हती की म्या!"

साहेबांचा चिमटा हवेतच थांबला. त्यांना सगळं कळलं, मी पाहिलं ना. पण पाठीमागे हेडमास्तर उभे होते. साहेब हात धुवायला वळले.

"थोडं कमी पडलं आसंल," ती पोरीचं रक्त पदरानं टिपत म्हणाली. "उद्या धाकट्याची हाय. त्याला वाटीभर देती."

साहेबांनी धाकट्याचं नाव यादीत लिहिलं. धाकट्याची नळीही पिवळी झाली.

आता मी हेडमास्तरांच्या कपाटात आहे. आत रंभाच्या दोन दाढा, बाहेर साहेबांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'किडक्या दाढा'. पाहुणे चिठ्ठी वाचतात, मान डोलावतात आणि पुढे जातात. तुम्ही आलात तर एवढं करा. मला उचलून उजेडात धरा. दोन्ही दाढांवर एकही डाग नाही.