यादीतलं पहिलं नाव

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही थोडं पुढे सरकावं, कारण ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. एका भूगोलाच्या बाईंची गोष्ट आहे. त्यांच्या हातून एक लहानशी लबाडी झाली आणि तिचं ओझं भलत्याच खांद्यावर जाऊन बसलं. ते खाली कसं उतरलं, तेवढंच सांगायचं आहे.

बाई आठवीला भूगोल शिकवायच्या. सव्वीस वर्षं त्यांनी फळ्यावर दीपगृह काढलं होतं. खाली खडक, वर दिवा आणि बाजूला खडूच्या तीन लाटा. खरं दीपगृह मात्र त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. समुद्र तीन तासांवर, पण संसारातून तीन तास मोकळे निघायला सव्वीस वर्षं पुरली नाहीत. निवृत्तीला थोडेच महिने उरले, तेव्हा त्यांनी धीर करून मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, दीपगृहाच्या सहलीचा अर्ज दिला. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. गेली दोन वर्षं निम्मी बस रिकामी गेली होती, हे त्या विसरल्या नव्हत्या. दोन आठवड्यांत, शुक्रवारी चारची घंटा होईपर्यंत, चाळीस नावं आली तर बस मिळेल. नाहीतर सहल यंदा नाही आणि यापुढेही कधी नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

बाईंनी पट्टीने ओळी आखून, आकडे घालून कागद नोटीस बोर्डावर लावला. सोमवार कोरा गेला. मंगळवार कोरा गेला. मुलं यायची, हात पाठीमागे बांधून कागद वाचायची आणि निघून जायची. पहिलं नाव घालायला कोणीच तयार नव्हतं. आठवीचा वर्गच तसा होता. पहिलं पाऊल कोणी टाकायचं नाही, चिमणी जिथे जाईल तिथे सगळ्यांनी जायचं.

चिमणी हे तिचं वर्गातलं नाव. अंगाने एवढीशी, पण देवाने गळा असा दिला होता की सकाळची प्रार्थना तिने उचलली की झोपेत उभी असलेली पोरंही सुरात यायची. ती नसेल तर बसमध्ये इंजिनाशिवाय दुसरं काय ऐकायचं, असा साधा हिशोब होता मुलांचा.

बुधवारी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात कोणी नाही असं पाहून बाईंनी पेन काढलं आणि पहिल्या ओळीवर चिमणीचं नाव घातलं. ती काय, येणारच आहे, असं मनाची समजूत घालत घातलं. देवाला विचारलं नाही, मुलीला तर नाहीच.

मग काय विचारता! शाळा सुटेपर्यंत अकरा नावं. पुढच्या बुधवारपर्यंत एकेचाळीस. बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. कवायतीच्या सरांना त्यांनी शिट्टी पुसून ठेवायलाही सांगितलं.

त्याच दिवशी त्यांनी पालकांची संमतीपत्रं गोळा केली. चाळीस भरली, एक राहिलं. वर्ग रिकामा झाला तरी चिमणी फळा पुसत रेंगाळली होती. फळा केव्हाच स्वच्छ झाला होता. शेवटी तिनेच विचारलं, "बाई, माझं नाव तुम्ही लिहिलंत ना?"

बाईंनी मान डोलावली.

"मला नाही जमणार यायला. शनिवारी आईची कामाची पाळी असते. आजोबांजवळ मी थांबते."

मग इतके दिवस बोलली का नाहीस, असं बाईंनी विचारलं. चिमणी डस्टरकडे बघत म्हणाली, "नाव खोडलं असतं तर बाकीच्यांनीही खोडलं असतं. रोज विचारतात, येणार ना तू? मी म्हणते, बोर्डावर नाव आहे ना. हे खोटं बोलणं होत नाही ना, बाई? नाव तर आहेच."

दुसऱ्याच्या वहीतली एक ओळ बघून उतरवली म्हणून ज्या बाईंनी पोरांना बाकावर उभं केलं होतं, त्यांनीच या एवढ्याशा पोरीला आठवडाभर शब्द तोलून बोलायला लावलं होतं.

संध्याकाळी त्या तिच्या घरी गेल्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. आई इस्पितळाच्या धुलाईत कामाला. आजोबा पूर्वीचे शिंपी. आता आठवण अशी विरलेली की सुनेचं नाव सापडत नव्हतं, पण समोरच्याच्या खांद्याचं माप नजरेने अचूक घ्यायचे. नात गायल्याशिवाय घास तोंडात घेत नसत. आईने सगळं ऐकून घेतलं, आवाज चढवला नाही. "नाव तुम्ही घातलंत, बाई," ती म्हणाली. "पोरगी आठ दिवस धड जेवली नाही. मला वाटलं, परीक्षेची धास्ती. आता काढायचं तर तुम्हीच काढा, आणि सगळ्यांदेखत काढा."

गुरुवारी पहिल्या तासाला बाईंनी नोटीस बोर्डावरचा कागद वर्गात आणला आणि काय केलं ते जसंच्या तसं सांगितलं. लाल पेनाने पहिली ओळ खोडली. मग मधल्या रांगेतली एक मुलगी उठली. तिच्या वाद घालण्यापायी सगळे तिला वकिलीण म्हणायचे. "म्हणजे बाई, आम्हाला फसवून गोळा केलंत."

"हो," बाई म्हणाल्या. सबब जिभेवर आली होती, ती त्यांनी गिळली.

दुपारपर्यंत आणखी पाच नावं खोडली गेली. वकिलीणबाईंचं त्यांत पहिलं. उरली पस्तीस, आणि हातात एक दिवस.

इतके दिवस बाई सकाळी देवापुढे हात जोडून सहल होऊ दे म्हणत होत्या. त्या दुपारी शिक्षकांच्या खोलीत डोळे मिटून त्यांनी वेगळंच मागितलं: त्या पोरीचं जे माझ्याकडे निघतं, ते मला फेडता येऊ दे.

संध्याकाळी त्या पुन्हा जिना चढल्या. शनिवारी मी आजोबांजवळ बसते, चिमणीला जाऊ द्या, म्हणाल्या. सहल कोण नेणार, असं आईने विचारलं. कवायतीचे सर नेतील.

"पण दीपगृह तर तुम्हालाच बघायचं होतं ना?"

"मी काढलंय ते पुष्कळदा," बाई म्हणाल्या.

आईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि हातात वाटी-चमचा दिला. आधी आत्ताचं जेवण भरवून दाखवा, मग बोलू.

आजोबांनी ओठ घट्ट मिटले होते. बाईंनी घसा साफ करून देवाचं एक पद धरलं. आजोबा दोन ओळी ऐकत राहिले आणि काळजीने म्हणाले, "कोण रडतंय गं?" दाराशी उभ्या चिमणीने हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली.

जन्मभरात चालीवर म्हटलेली एकच गोष्ट त्यांना येत होती, ती म्हणजे हजेरी. रात्रंदिवस डोक्यात घोळणारी सहलीची यादी त्यांनी वर्गातल्या त्याच हेलात सुरू केली. पहिलं नाव चिमणीचं घेतलं. आजोबांनी दाराकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हजर!" तोंड उघडलं तसा चमचा आत गेला. दुसरं नाव, हजर, दुसरा चमचा. एकोणिसाव्या नावाला वाटी रिकामी झाली.

आईने संमतीपत्रावर सही केली.

शुक्रवारी सकाळी चिमणीने लाल रेघेच्या शेजारी स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. मधल्या सुट्टीत वकिलीण आली, नाक कागदाला लागेल इतकी वाकली आणि अक्षर तिचंच आहे, असा निकाल सगळ्यांना ऐकवून खाली स्वतःचं नाव घालून गेली. मागोमाग आणखी तिघं आली. एक मुलगी आली नाही ती नाहीच, आणि बाईंनी तिला एका शब्दानेही विचारलं नाही. चारच्या घंटेला बरोबर चाळीस झाली. मोठ्या बाईंनी दोनदा मोजली.

पुढच्या शनिवारी सहाला बस सुटली. गाणं फाटकातच सुरू झालं. बाई हात हलवत उभ्या राहिल्या, वळणापर्यंत ऐकत राहिल्या, मग सायकलच्या दुकानावरचा जिना चढल्या.

दुपारी वाटी घेऊन बसल्या आणि यादी सुरू केली. पहिलं नाव घेतलं. आजोबांनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. बराच वेळ ओठ मिटलेलेच राहिले.

"गैरहजर," आजोबा म्हणाले. "समुद्र बघायला गेलीय." आणि मग बाईंच्या खांद्यांचं माप घेतल्यासारखं बघत त्यांनी विचारलं, "पोरी, तू का नाही गेलीस?"

बाईंनी चमचा भरून विचारलं, "पुढचं नाव घेऊ का?"

"घे," म्हणत त्यांनी तोंड उघडलं.

सोमवारी आठवीच्या फळ्यावर मुलांनी दीपगृह आधीच काढलेलं होतं. चिमणी म्हणाली, "बाई, एक सांगू? लाटा तीन नसतात." आणि खडू घेऊन वर्गातली पोरं फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाटा काढत सुटली. बाई मागच्या बाकावर बसून बघत राहिल्या.

तर मंडळी, एवढंच मागणं आहे. कधी भरल्या बसमध्ये बसाल, गाणं रंगात येईल, तुम्हीही टाळी धराल, तेव्हा क्षणभर त्या बाईंची आठवण करा, ज्या वाटी-चमचा घेऊन एका खोलीत चाळीस नावं म्हणत बसल्या होत्या.