जंगलवाटेवर तापलेली गाडी

मित्रांनो, दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मोडक्या खाटांना टेकून उभी असलेली जुनी मोटारसायकल म्हणजे मी.

माझ्या इंजिनाला पाण्याने थंड करायची सोय नाही. धावताना समोरून येणारा वारा इंजिनावरच्या धातूच्या पट्ट्यांमधून खेळतो, तेवढाच माझा गारवा. सिस्टरबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. मागे लसींची पेटी बांधून अकरा वर्षं त्यांनी मला डोंगरावरच्या वस्त्यांवर नेलं. दगडधोंड्यांच्या वाटेवर वेग माणसाच्या चालीइतकाच. वारा लागत नाही आणि इंजिन तर जीव तोडून राबत असतं. म्हणून चढ संपला की त्या मला बंद करून सावलीत उभी करायच्या, पट्ट्यांत अडकलेला चिखल काडीने कोरून काढायच्या.

"बाई, गाडीलाही धाप लागते का?" वस्तीवरची माणसं हसायची.

"लागते तर! तुम्हाला नाही लागत?"

मग त्यांचा धाकटा भाऊ सुट्टीवर आला.

"ताई, जंगलात एक चक्कर मारून येतो."

"चढावर थांबत जा रे. तापते ती."

"मला काय शिकवतेस!"

भर दुपारी, मित्राला मागे बसवून, दोन तास त्याने मला पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून रेटलं. ओढ्यातला चिखल पट्ट्यांवर वाळून घट्ट लेप झाला. मला बोलता येत नाही. जळका वास, आतली टकटक, कमी झालेली ओढ, हीच माझी भाषा.

"अरे, वास येतोय. थांबूया," मित्र म्हणाला.

"काही होत नाही. दणकट आहे गाडी." त्याने अ‍ॅक्सिलरेटरला आणखी पीळ दिला.

घरी आणून त्याने मला चकचकीत धुतलं. ताईने विचारलं तेव्हा म्हणाला, "मस्त चालली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वस्तीवरून निरोप आला. बाळंतीण अडली होती. सिस्टरबाईंनी पिशवी बांधली नि मला किक मारली. अर्ध्या चढावर माझा पिस्टन जागच्या जागी जाम झाला. त्यांनी मला तिथेच आडवं टाकलं आणि पिशवी खांद्याला लावून धावत सुटल्या. पोचायला दीड तास लागला. आई वाचली. बाळ नाही.

मिस्त्रीने इंजिन उघडलं. "बाई, ही काही आज बिघडलेली नाही. आधीच होरपळली होती."

भाऊ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. सिस्टरबाई त्याच्याशी अजून बोलत नाहीत.

मित्रांनो, यंत्राला जपा, हे तुम्हाला शाळेतही सांगतील. माझं मागणं वेगळं आहे. चूक सगळ्यांकडून होते. पण 'ताई, काल गाडी फार तापली होती', एवढंच त्याने सांगितलं असतं, तर सिस्टरबाई दुसऱ्या कुणाची गाडी घेऊन निघाल्या असत्या. मला धुण्यात त्याने अर्धा तास घालवला. हे सांगायला किती वेळ लागला असता?