शेठजींची शिफारस

एक्झिक्युटिव्ह एमबीए म्हणजे नोकरदारांनी स्वतःच्या पैशाने शनिवार-रविवारचं वाटोळं करून घेण्याची सोय. मला ती हवीच होती. तिरोड्याच्या एका राइस मिलमध्ये मी मॅनेजर आहे. धान उतरवून घेण्यापासून ट्रकवाल्यांशी भांडण्यापर्यंत सगळं मीच करते आणि पाटीवर डायरेक्टर म्हणून नाव झळकतं मालकांच्या भाच्याचं, मोनूचं. नागपूरच्या एका संस्थेत माझी मुलाखत छान झाली. आता त्यांचं फक्त माझ्या साहेबांशी बोलणं बाकी होतं.

साहेब म्हणजे मिलचे मालक दुर्गाप्रसाद शेठ. कॉलेजचं नाव काढलं असतं तर त्यांनी फोनच बंद ठेवला असता. म्हणून मी मोघम सांगितलं, "शेठजी, नागपूरहून फोन येईन. माझ्याबद्दल विचारतीन. चांगलं सांगा जी."

तेहतिशीची बिनलग्नाची पोवारांची पोरगी, आणि तिच्याबद्दल नागपूरहून चौकशी. आमच्याकडे याचा एकच अर्थ निघतो. अशा चौकशीत पोरीबद्दल खरं सांगणं हे महापाप समजतात.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या हर्षिता मॅडमचा फोन आला. बाई अवघडल्या होत्या.

"तुमच्या शेठजींनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, मुलगी अगदी गाय आहे. मान वर करून बोलत नाही, सांगितलं तेवढंच करते. आम्हाला तर निर्णय घेणारी माणसं हवीत हो. असं असेल तर तुमचा प्रवेश अवघड आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "फोन ठेवू नका," म्हटलं आणि तशीच केबिनमध्ये घुसले. शेठजी तांदळाचा दाणा चावून पाहत होते. मी मोबाइल स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढे आपटला.

"गाय कोणाले म्हणून राहिले जी तुमी? हे सोयरीकवाले नाई होत, कॉलेजवाले होत! आता खरं सांगा."

माझ्यासाठी खोटं बोलून कमावलेलं पुण्य असं वाया गेलेलं पाहून शेठजी भडकले.

"सच सुनना है? बहुत झगडालू है, मॅडम! मेरी एक नहीं सुनती. मेरे समधी का गीला धान इसने गेट से लौटा दिया, मैं सामने खडा था! मोनू को ऑफिस से उठाकर बोरे सिलने बिठाया. मैं दवाखाने में पडा था, तो बिना पूछे नया ड्रायर बिठा लिया!"

"मग नुकसान झालं का?" मॅडमनी फोनवरून विचारलं.

"नुकसान कैसा? उसी से तो सीझन निकला!"

मॅडम हसल्या. "मग शेवटचा प्रश्न. दर शनिवार-रविवार हिला सोडाल?"

शेठजी उत्तर द्यायचं सोडून टेबलावरचे दाणे निवडू लागले. मला फार लागलं ते, आणि मनात ठेवण्याची मला सवय नाही.

"काऊन जी? सासरी कायमची धाडून राहिले होते, अन् शिकाले दोन दिवस नाई सोडत?"

"शादी अलग बात है," शेठजी दाण्यांकडेच बघत म्हणाले. "वहाँ से तो तू महिनेभर में लड-झगडके वापस आ जाती. पढके कौन वापस आता है?"

मग त्यांनीच मोबाइल तोंडाजवळ ओढला.

"शनिवार-रविवार दिया, मॅडम. जल्दी लिख लो, नहीं तो मैं पलट जाऊंगा."