न टाकलेला कौल

मी कौलाची जोडी बोलतेय. तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावर, कालवं पिकवणाऱ्या एका गावात, समुद्रमाता माझूच्या देवळात माझं बिऱ्हाड आहे.

बांबूच्या एकाच मुळातून एका म्हाताऱ्या कारागिरानं मला कोरलं. चंद्रकोरीसारखे दोन तुकडे, प्रत्येकाची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. भक्त गुडघे टेकतो, नाव-गाव सांगतो, प्रश्न विचारतो आणि मला जमिनीवर टाकतो. एक सपाट, एक फुगीर पडलं तर देवीचा होकार. दोन्ही फुगीर बाजू वर, तर नकार. दोन्ही सपाट बाजू वर आल्या, तर देवी हसली म्हणायचं. मोठ्या प्रश्नाला लागोपाठ तीन होकार लागतात.

माणसांचा खाक्या मी लवकर ओळखला. नकार आला की ती मत बदलत नाहीत, प्रश्न बदलतात. 'जावयाला दुकान काढून देऊ?' नकार. 'बरं, छोटं दुकान?' देवी हसली. 'मग नुसती टपरी?' होकार! लगेच गावभर डांगोरा, देवीनंच सांगितलं. टपरी बुडाली तेव्हा मात्र दोष जावयाचा. मला चीड यायची. पण लाकडाची चीड कोण ऐकतो?

मग एका उन्हाळ्यात खाडीतली कालवं मेली. शिंपला उघडावा तर आत काळा चिखल.

त्याच वर्षी वसंतात थुई गावात आली होती, व्हिएतनामहून लग्न होऊन. नवरा महिनोन्‌महिने जहाजावर. कालवं वाढवायच्या खाडीतल्या बांबूच्या मांडण्या तीच सांभाळायची. तिचं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचं पोट त्यांच्यावरच.

कोणीतरी म्हणालं, ती आली आणि कालवं मेली. आठवडाभरात त्याचं झालं, ती आली म्हणून मेली. मग सगळेच म्हणू लागले, आणि सगळे म्हणतात हाच पुरावा ठरला.

एका सकाळी देवळात गाव जमलं. देवस्थानचे अध्यक्ष को यांनी मला उचललं. "आई, कालवं थुईमुळेच मेली ना?"

मी पडले. होकार. पुन्हा होकार. तिसऱ्यांदाही होकार. देवीच्या मनातलं मला ठाऊक नाही. हात सुटला तशी मी पडले.

"झालं! ओहोटी लागली की हिच्या मांडण्या उपटायच्या," को म्हणाले.

"अहो, माझीही मेली की!" खांबाजवळून थुई ओरडली. "सगळ्यांच्या आधी माझीच मेली!"

"ऐकलंत? सुरुवात हिच्यापासूनच!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि माना डोलल्या.

तेवढ्यात उंग काकू उठल्या. त्यांच्या मांडण्या थुईच्या शेजारी, आणि दोघींचं रोजचं भांडण.

"मला ही बाई मुळीच आवडत नाही," काकू म्हणाल्या. "हिच्या रश्शाच्या आंबट वासानं माझं डोकं उठतं, आणि हिच्या दोऱ्या माझ्या बांबूंत अडकतात. पण काय हो अध्यक्ष, देवळाला नवं छप्पर ही आली त्याच वसंतात बसलं ना?"

"मग?"

"छप्पर आलं आणि कालवं मेली."

लोक हसले. को हसले नाहीत. ते छप्पर त्यांनी आपल्या वारलेल्या आईच्या स्मरणार्थ बांधून दिलं होतं.

"काकू, पौर्णिमेच्या उपासाला तुम्ही बदक खाता. तुम्ही नका शिकवू कौलाचं!"

"खाते! येत्या पौर्णिमेलाही खाईन. त्यानं माझं म्हणणं खोटं पडतं का, ते सांगा. नाहीतर उचला जोडी आणि विचारा आईला, कालवं छपरामुळे मेली का? तीन होकार आले तर छप्परही उपटायचं. हिच्या मांडण्यांबरोबरच."

को यांनी मला उचललं. आयुष्यभर मी हातांत वावरले, पण इतकं घट्ट मला कोणी धरलं नव्हतं. सुटका सोपी होती. 'छपराची गोष्ट वेगळी,' एवढं म्हटलं असतं तरी सगळं गाव हो म्हणालं असतं. ते वाक्य त्यांच्या घशापर्यंत आलं. मी वाट पाहत होते.

त्यांनी ते वाक्य गिळलं. मला हलकेच चौरंगावर ठेवलं.

"छपराबद्दल विचारणार नाही," ते म्हणाले. "तसं विचारणं मूर्खपणाचं आहे." मग थुईकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "मघाचं विचारणंही मूर्खपणाचंच होतं."

नवस फेडायला आलेले हजारो लोक मी पाहिलेत, त्यांचे चमत्कार ऐकलेत. पण भरसभेत, तीन होकार हातात असताना, एक माणूस आपल्याच तर्काच्या तराजूत आपलं छप्पर ठेवतो आणि हार पत्करतो, यापुढे ते सगळे मला फिके वाटतात. आणि ज्या बाईनं हे घडवलं, तिला थुईचा रस्सा आजही सोसत नाही!

"दोऱ्या आवर तेवढ्या," जाता जाता काकू थुईवर खेकसल्या. "आणि चल, खाडीचं पाणी तपासायला देऊ."

पाण्याचा निकाल धड काहीच सांगत नाही. कालवं का मेली, ते अजून कोणाला ठाऊक नाही. 'ठाऊक नाही' एवढंच म्हणून, कोणाच्या माथी दोष न मारता, हे गाव जगतंय. थुईच्या मांडण्या खाडीत उभ्या आहेत. मला हे समुद्राहून अथांग वाटतं.

आता माझ्या कडा झिजल्यात, रंग उडालाय. लवकरच माझ्या जागी नवी जोडी येईल. जाण्याआधी एवढंच मागते. कौल लावा, जरूर लावा. पण दुसऱ्याचा संसार उपटणारा प्रश्न ओठावर आला, तर तोच प्रश्न आधी आपल्या छपराबद्दल विचारून पाहा. हात धजला नाही, तर कौल खाली ठेवा. देवी रागावत नाही. मी जवळून पाहिलंय.